काकांच्या नावाचा रस्ता

आमच्या मोठ्या मावशीइतका एखाद्या रस्त्याला जीव लावणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायची नाही, आणि त्याच रस्त्याचं नाव तोंडातून न काढणारीही दुसरी सापडायची नाही. मनमाडकडे जाणाऱ्या हायवेवर, टोलनाक्यापासून तिच्या गावच्या फाट्यापर्यंतच्या पट्ट्याला तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकांचं, नाव दिलेलं आहे. काका पोलिसात हवालदार होते. त्याच पट्ट्यात नाकाबंदीला उभे असताना त्यांनी एका भरधाव ट्रकला हात केला आणि ट्रक थांबला नाही. पुढे गावाने बरीच खटपट केली, आणि फाट्यावर निळी पाटी लागली: ‘शहीद हवालदार निवृत्ती जाधव मार्ग’. पंचाईत अशी की मावशी जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यातून, आणि तेही नणंदांनी दार अडवून धरलं म्हणून.

बाकीच्या जगाने मात्र ते नाव घेतलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. नाशिकला गंगापूर रोडला आमच्याकडे चार दिवस राहून ती एसटीने परत निघाली की कंडक्टरची परीक्षा सुरू. “कुठं, आजी?” “पाटीवर लिवलंय तिथं.” “कुठल्या पाटीवर?” “निळ्या.” “निळ्या पाट्या लय हायेत रस्त्यानं. सरळ ढाबा म्हणा की.” ढाबा म्हटलं की संपलंच. ज्या रस्त्यावर एका माणसाने जीव टाकला त्याची ओळख शेवभाजीच्या हॉटेलावरून सांगायची, हे तिला बिलकूल खपत नाही. मग मागच्या सीटवरून कोणीतरी अख्खं नाव सांगतं, मावशी समाधानाने मान डोलावते आणि तिकीट घेते. एकदा बसमध्ये ते सांगणारं कोणीच नव्हतं, तर बाईंनी थेट मनमाडचं तिकीट काढलं आणि मध्येच फाट्यावर उतरल्या.

रस्त्याची देखभाल तर ती घरच्या माणसासारखी करते. एका पावसाळ्यानंतर तिने कुठूनसा इंजिनिअर साहेबांचा फोन नंबर मिळवला आणि विचारलं, “आमच्या ह्यांना तीन जागी खड्डे पडलेत, कधी बुजवताय?” त्या बिचाऱ्याने आधी डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं. तिच्याबरोबर त्या पट्ट्यातून गाडीने जायचं म्हणजे हॉर्न वाजवायचा नाही, शेंगांची टरफलं बाहेर टाकायची नाहीत, आणि चाळीसच्या वर जायचं नाही. “हळू घे, माणूस उभा हाय,” असं ती म्हणते. रस्ता रिकामा असतो. पाटी आली की ती डोक्यावरचा पदर सारखा करते.

मी तिला चिडवण्याची संधी सहसा सोडत नसे. “मावशी, हल्लीच्या मुली नवऱ्याला सरळ नावाने हाक मारतात,” असं मी एकदा म्हटलं. ती लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मारू दे की. त्यांचे नवरे ओ देत्यात.”

यंदा दिवाळीनंतर मी तिला गावी सोडायला निघालो होतो. टोलनाका मागे पडला आणि आमच्या पुढचा एक दुचाकीवाला खडीवरून घसरून आपटला. दुधाचे कॅन एकीकडे, माणूस दुसरीकडे. मावशीने खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि जखमेवर पदर दाबून धरला. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई विचारत होती, नक्की कुठे, आणि मी घाबरून सांगत होतो, “ढाब्याजवळ.” “कुठला ढाबा? तिथं चार ढाबे आहेत.” मी इकडेतिकडे बघायला लागलो. मांडीवरचा माणूस कण्हला. मावशीने रक्ताळलेला हात पुढे करून माझ्याकडून फोन घेतला आणि शांतपणे, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, “शहीद हवालदार निवृत्ती जाधव मार्ग. टोलनाक्याच्या पुढं.” पलीकडून लगेच उत्तर आलं, “हो, माहितीये. गाडी निघालीच.”

गाडी खरोखरच लवकर आली. माणूस वाचला, पाय तेवढा मोडला. आम्ही पुढे निघालो तेव्हा मावशी हात धुऊन, पदराचा ओला भाग मुठीत धरून बसली होती. मग एकदम म्हणाली, “ऐकू गेलं असंल का रे?”

“गेलं की. म्हणून तर गाडी आली ना वेळेवर.”

“त्या बाईचं नाय म्हणत मी,” मावशी म्हणाली, आणि काचेबाहेर बघत राहिली.

पुढे फाटा दिसायला लागला, निळी पाटी दिसायला लागली. त्या दिवशी तिने सांगायच्या आधीच मी गाडी हळू केली.