हिरव्या रंगाखालचं गाव

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. तरी एकोणीसशे तीसच्या आसपास दिवेआगरला आमच्या घरी जे घडलं ते लिहिते... ज्याने त्याने काय ते ठरवावं.

माझ्या यजमानांनी मुंबईच्या एका लिलावातून खुर्ची आणली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेहून बर्फ घेऊन येणाऱ्या जहाजातून आलेली, असं लिलाववाला म्हणाला म्हणे. आम्हाला दिसत होता तो नुसता हिरवा ऑइलपेंट — पायांपासून पाठीच्या फळीपर्यंत जाड फासलेला. ओटीवर मामंजींसाठी ठेवली.

मामंजींची दृष्टी माझ्या लग्नाआधीच गेलेली. सासूबाई गेल्यापासून बोलणंही खुंटलं होतं. त्या दुपारी खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "सूनबाई, हे कुठलं गाव गं?"

"दिवेआगर, मामंजी."

"छे! इथे नदी आहे. पलीकडे पांढरं घर, लाल छपराचं. शेजारी पिवळी झाडं."

मग रोज तेच. खुर्चीतून उठले की गप्प, बसले की सुरू. पण किती खुशीत बोलत! यांना मात्र धास्ती. "डोक्यावर परिणाम झालाय. वेड्यांच्या इस्पितळात दाखवायला हवं." मुंबईला न्यायचं ठरलं, ट्रंकसुद्धा भरली.

निघायच्या आदल्या सकाळी मी खुर्ची पुसत होते. खाऱ्या हवेने सुटलेला रंगाचा एक पोपडा फडक्याबरोबर निघाला. खाली सोनेरी चमकलं! बोथट सुरीने हलकेच खरवडत गेले... सोनेरी वेलबुट्टी, मग नदी, पांढरं घर, लाल छप्पर. झाडं — पिवळीच.

यांना हाक मारली. हे कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. "बोटांना रेषा लागल्या असतील."

"आणि रंग?" मी विचारलं.

यांनी आत जाऊन ट्रंकेतली मामंजींची धोतरं काढून परत दांडीवर टाकली.

मामंजींना विचारलं, तर हसले. "मला काय ठाऊक? बसलं की दिसतं."

पुढे एकदा म्हणाले, "आज घराचं दार उघडलंय गं. कोणीतरी बाहेर आलंय." मी चित्र निरखून पाहिलं. दार बंदच होतं.

ते गेल्यावर एका दुपारी मी त्या खुर्चीत बसले. डोळे घट्ट मिटले, वाट पाहिली... मला काहीच दिसलं नाही. खरं सांगते, वाईट वाटलं.