ओस्निएलची बंडी

ओस्निएल संध्याकाळी आला तेव्हा डावा हात अंगाशी घट्ट धरून चालत होता, काखेत वर्तमानपत्र दाबून धरल्यासारखा. विचारलं तर म्हणाला, "सवय लागलीय." ते चालणं काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कपाळाला हात लावला तर गरम लागलं. "उन्हात होतो," म्हणाला. ऑगस्टमध्ये मायामीजवळच्या या हायालियात सगळेच उन्हात असतात, त्यामुळे यावर काही बोलता येत नाही. पण त्याच्या अंगात कशामुळे कणकण असेल, हे त्याच्या बायकोला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, आणि म्हणून मी जागी आहे.

ओस्निएल माझा एकुलता एक मुलगा. लोकांच्या घरचे एसी दुरुस्त करतो. आठ वर्षांचा होता तेव्हा आम्ही देश सोडून ओल्गीनहून इथे आलो. तिथे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, इथे औषधाच्या दुकानात काउंटरला असते. त्याचा बाप एवेलिओ ट्रक चालवायचा, तो आता नाही.

पोर पहिल्यापासून अंगानं गुबगुबीत, पण तो प्रश्न नव्हता. त्याच्या वर्गात निम्मी मुलं तशीच होती. तेराव्या वर्षी उंची वाढली, पोट गेलं आणि छाती मात्र राहिली. खेळाच्या तासाला मुलं त्याला 'बाईसाहेब' म्हणायला लागली. "बाईसाहेब, चेंडू द्या." "बाईसाहेब दमल्या, खुर्ची आणा रे." हे मला त्याच्याकडून कधी कळलं नाही. शेजारच्या मुलानं माझ्यासमोर सहज हाक मारली तेव्हा कळलं. मी डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वयाबरोबर जाईल. पुष्कळांची जाते. याची गेली नाही.

एवेलिओला ते दिसतच नव्हतं, किंवा दिसत असून मान्य नव्हतं. समुद्रावर गेलो की तो ओरडायचा, "शर्ट काढ रे. पुरुष ना तू?" ओस्निएल शर्टासकट पाण्यात शिरायचा आणि शर्टासकट बाहेर यायचा. ओला शर्ट अंगाला चिकटू नये म्हणून दोन बोटांनी पुढून धरून चालायचा. पुढे पुढे त्याला समुद्रच आवडेनासा झाला. "वाळू चावते," म्हणायचा. मायामीत वाढलेला माणूस आणि वाळू चावते म्हणे. सगळे हसायचे, तोही हसायचा. हसवण्यात तो पटाईत झाला. लोक आपल्या तोंडाकडे बघत राहिले की खाली बघत नाहीत, हे त्यानं लवकर हेरलं असावं.

यारेमिस त्याला भेटली ती तिच्या मावशीच्या एसीमुळे. तो एसी त्यानं एका महिन्यात तीनदा दुरुस्त केला. तिसऱ्या वेळी मावशीच म्हणाली, "बाळा, मशीन बरं आहे, तू जेवायलाच ये." यारेमिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, बोलायला तिखट आणि मनानं सरळ. लग्नाला पाच वर्षं झाली. दिवा लावलेला असताना तो तिच्यासमोर शर्ट काढत नसे. ती समजायची, लाजरा आहे. तिला त्यात गोडवा वाटायचा. तिनंच मला हे हसत सांगितलं होतं.

मग आयलीनचं पोहणं निघालं. आयलीन त्यांची मुलगी, दोन वर्षांची. त्या वर्गात आई किंवा बाप पोराला घेऊन पाण्यात उतरतो. यारेमिसची नोकरी सकाळची, तेव्हा ओस्निएल गेला. नेहमीसारखा टी-शर्ट घालून उतरला. शिकवणारी मुलगी चांगली होती. हळूच म्हणाली, "सर, सुती कपडा तलावात चालत नाही, काढून या." तो आयलीनला उचलून कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि तिथूनच घरी आला. यारेमिसला सांगितलं, पाण्यात औषध फार होतं, पोरीला सर्दी होईल. मला मात्र खरं सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानं, फ्रीजकडे तोंड करून. म्हणाला, "आई, मला हे काढून टाकायचंय."

आमच्या भागात चरबी काढून घेणं म्हणजे केस रंगवून घेण्याइतकं सरळ आहे. माझ्या काउंटरवर बायका सूज उतरवायचं मलम घ्यायला येतात आणि रांगेत एकमेकींना ब्लाउज वर करून दाखवतात. "कंबर कुठे करून घेतलीस गं?" "मावशी, हात लावून बघ, अजून बधिरच आहे." "पोटातलं काढून मागे घातलं होय? वा, काही वाया जाऊ दिलं नाहीस." ऑपरेशननंतर आठवडेच्या आठवडे घालायच्या त्या घट्ट पोशाखाचे हुक एकीनं लावायचे आणि दुसरीनं श्वास रोखायचा, हे तर मी दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतः केलंय. बायकांना लाज नाही, उलट मिरवणं आहे. मीही त्यात हसत असते. आणि माझ्याच मुलानं तीच गोष्ट मागितली तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? "कुणाला कळता कामा नये." तो काही बोलायच्या आधी मीच बोलले.

सोय मीच केली. यारेमिसला सांगितलं की टॅम्पाला मोठं काम निघालंय, आठवडाभर तिकडेच राहावं लागेल. तो माझ्या शिवणाच्या खोलीत होता. गाद्यांच्या दुकानाशेजारी एक क्लिनिक आहे, तिथे छातीची चरबी ओढून काढली, आतली गाठही काढली. काखेजवळ बारीक नळी होती, ती चार दिवसांनी निघाली. वर दाबाची काळी बंडी, पुढे चेन. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की सहा आठवडे बंडी काढायची नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, उष्णतेत जायचं नाही, आणि आत पाणी साचतं, ते सुईनं काढायला दर आठवड्याला यायचं. मी मान डोलावली. ओस्निएलनं माझ्याकडे बघितलं. ऑगस्टमध्ये एसीवाला कुठे असतो? लोकांच्या पोटमाळ्यावर, जिथे हवा भट्टीसारखी असते, आणि हात कायम डोक्याच्या वर.

आठवडा झाला आणि तो कामावर गेला. आणखी सुट्टी मागायची तर कारण द्यावं लागलं असतं. त्याच्याबरोबर काम करणारा रिगो विचारत होता, "काय रे, पुठ्ठा गिळलास का? पाठ बघ कशी, हवालदारासारखी." ओस्निएलनं उत्तर दिलं, "बायको म्हणते कुबड येतंय, म्हणून ताठ चालतोय." रिगोला पटलं. बायको म्हणते हे कारण पुरुषांना नेहमी पटतं.

पाणी काढायला पहिल्या वेळी मी बरोबर गेले. बाहेर बसायची जागा भरलेली, सगळ्या बायका, तो एकटा पुरुष. शेजारची बाई म्हणाली, "बायको आत आहे वाटतं? बरं आहे बाई, नवरा बरोबर येतो. माझा गाडीतच झोपतो." तो म्हणाला, "हो, आत आहे." तेवढ्यात नर्सनं दार उघडून त्याचं नाव घेतलं, "ओस्निएल, आत येऊन बंडी काढून ठेव." सगळ्यांनी माना वळवल्या. समोरच बेकरीतली कोन्सुएलो बसलेली, जिच्याकडून तो रोज पेरूची पेस्ट्री घेतो. ती फार प्रेमळपणानं म्हणाली, "अरे पोरा, लाज कसली त्यात? माझ्या नवऱ्यालाही पाठवते तुझ्याबरोबर. त्याची छाती तर माझ्यापेक्षा मोठी आहे." सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. एकीनं तर त्याच्यासाठी जागा करून दिली. तो आत जाऊन आला, पण गाडीत बसल्यावरही त्याचे कान लाल होते. त्यानंतर तो तिथे गेला नाही. बेकरीतही गेला नाही. कोन्सुएलोनं कुणाला सांगितलं का, हे मी तिला विचारू शकत नाही, कारण विचारणं म्हणजेच सांगणं.

क्लिनिकमधून मला फोन आले, माझाच नंबर दिलेला आहे. "आजी, त्यांना पाठवा. पाणी राहिलं तर पिकतं." मी त्याला म्हटलं, तो म्हणाला सोमवारी. सोमवारी म्हणाला, या आठवड्यात फार काम आहे.

आज दुपारी यारेमिस आली. आयलीनला कडेवर घेऊन, न कळवता. मी कॉफी ठेवली. तिनं कपाला हात लावला नाही.

"आई, कोण आहे ती?"

"कोण?"

"मला वेडी समजू नका. महिना होत आला, तो बाहेरच्या सोफ्यावर झोपतोय. म्हणे पाठ धरलीय. आंघोळीला गेला की आतून कडी. मिठी मारायला गेले तर असा मागे सरतो जसं मी चटका देणार आहे. त्याच्या अंगाला कसल्यातरी मलमाचा वास येतो, बायकांच्या मलमाचा. आणि कपडे इथे आणून धुतो, हो ना? आमच्या घरी मशीन आहे, आई."

मी म्हटलं, "त्याला कामाचा ताण आहे."

"टॅम्पाला होता ना तो? मी रिगोच्या बायकोला विचारलं. टॅम्पाला कुणीच गेलं नव्हतं." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तुम्हाला माहीत आहे. तुमच्या तोंडावर दिसतंय. मला फक्त एवढंच सांगा, मी माझ्या आईकडे जाऊ की थांबू?"

मी काय केलं? आयलीनला बिस्किट दिलं. म्हटलं, "दोन दिवस थांब." ती उठली. दारात म्हणाली, "म्हणजे आहे कोणीतरी." मी नाही म्हटलं, पण इतक्या उशिरा की ते खोटंच वाटलं.

संध्याकाळी तो कपड्यांची पिशवी घेऊन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हादरेल. खुर्चीत बसला आणि जमिनीकडे बघून म्हणाला, "मग असू दे."

"काय असू दे?"

"तिला तसंच वाटू दे."

"अरे, ती घर सोडून जाईल."

"जाईल आणि परत येईल. त्या गोष्टीतून बायका परत येतात. मी माफी मागेन, फुलं नेईन, तिची आई मला शिव्या देईल, रिगो पाठीत गुद्दा घालून म्हणेल, लबाडा. बाई ठेवली म्हणून कुणी हसत नाही, आई. हे कळलं तर ती मला काही बोलणार नाही. चांगलीच वागेल. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघताना तिला ते दिसेल."

"तिनं पाच वर्षं तुझ्याशी संसार केलाय. तिला काय, आत्ताच दिसणार आहे?"

"तू शपथ घेतलीयस," म्हणाला. "कारिदाद मातेची." घेतली होती, हे खरं, तिच्या तसबिरीवर हात ठेवून. मग तो उठला, आणि उठताना त्याच्या शर्टावर डाव्या बाजूला पिवळट ओला डाग दिसला, तळहाताएवढा. मी शर्टाला हात घातला तर त्यानं माझं मनगट धरलं. आजवर त्यानं असं कधी केलं नव्हतं. "घाम आहे," म्हणाला. घाम पिवळा नसतो आणि त्याला तसा वास येत नाही. मी औषधाच्या दुकानात काम करते. तापाची गोळी दिली. त्यानं ती मुकाट्यानं घेतली, म्हणजे त्यालाही कळलंय. "उद्या ताप असला तर बघू. उद्या दोन पोटमाळे आहेत," म्हणून गेला.

तेव्हापासून मी विचार करते आहे की या पोराला ही लाज कुणी दिली. शाळेतल्या मुलांनी दिली, एवेलिओनं दिली. पण कुणाला कळता कामा नये, हे वाक्य माझं आहे. तो ते शब्दशः पाळतोय. माझ्या डोळ्यांसमोर तो अंगात पू घेऊन चालतोय, बायकोला दुसऱ्या बाईचा संशय देऊन चालतोय, आणि मी शपथ सांभाळत बसले आहे. मला खरं तर मातेची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती त्या शब्दांची. यारेमिसला सांगताना मला म्हणावं लागेल की माझ्या मुलाला छाती होती आणि त्यानं ती काढून घेतली. काउंटरवर दिवसभर असलं बोलणारी मी, माझ्या सुनेपुढे ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. मघाशी रिकाम्या स्वयंपाकघरात म्हणून बघितलं. आवाज खाली गेला.

क्लिनिक उघडेपर्यंत तो कुणाच्यातरी छताखाली असेल. त्याला फोन केला तर तो उचलणार नाही, उचलला तर म्हणेल सोमवारी. मला त्याला दवाखान्यात ओढून नेता येणार नाही, तो माझ्या दुप्पट आहे. यारेमिसला नेता येईल. ती चिडली की त्याला नाही म्हणता येत नाही, आणि आत्ता ती चिडलेली आहे. पहाटे शाळेच्या स्वयंपाकघरात जायला उठते, तो तेव्हा सोफ्यावर झोपलेला असतो. पण तोवर थांबायचं म्हणजे तो ताप आणखी काही तास तसाच ठेवायचा. तिला झोपेतून उठवलं तर ती घाबरेल. घाबरू दे.

आधी सांगेन की दुसरी कुणी बाई नाही. मग सांगेन, उठ, बाहेरच्या खोलीतला दिवा लाव, त्याच्या शर्टाची बटणं काढ आणि खालच्या बंडीची चेन उघड, तो नको म्हणेल तरी उघड, आणि आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने. बाकीचं तिनं विचारलं तर सांगेन, आवाज खाली गेला तरी सांगेन.

चष्मा लावला आहे. तिचा नंबर लावते.