मावशीची किंचाळी

पडद्यावर भूत किंचाळलं आणि भाचा फिस्सकन हसला. हसू दाबायला त्याने हात तोंडाकडे नेला, तो सोड्याच्या बाटलीसकट. मग ठसका लागला आणि सोडा उडाला पुढच्या गृहस्थांच्या टकलावर. ते भुतापेक्षा जोरात ओरडले, आणि सगळं थिएटर खो खो हसत सुटलं. एवढं झाल्यावर भाच्याला आठवलं, की किंचाळी मावशीची आहे आणि मावशी शेजारीच बसली आहे.

मावशी पडदे शिवायची. सूड घेणाऱ्या या भुताचा पहिला सिनेमा झाला, तेव्हा ती स्टुडिओत जाड पडदे लावायला गेली होती. चुणी मोडताना तापलेली इस्त्री पायावर पडली, माइक चालू होता आणि भुताला आवाज मिळाला. तो ऐकून भलेभले दिवे न मालवता झोपले.

त्या भुताला कारण तरी होतं. नवऱ्याने विष घातलं होतं. दुसऱ्या भागात ते नवऱ्याच्या मित्रांच्या मागे लागलं, तिसऱ्यात घराच्या दलालाच्या. आता तोच सिनेमा नव्याने काढला, तर भूत लिफ्टमधल्या लोकांवर सूड घेत होतं. बिचाऱ्यांनी बटण दाबलं, हाच गुन्हा! मावशी मात्र दर खेपेला बोलावतील तशी जायची, पाय धड ठेवून किंचाळायची आणि घरी यायची.

सिनेमाला निघताना ती म्हणाली होती, "ठोंब्या, स्टुडिओतले सगळे 'वा मावशी' म्हणतात. पुढच्या भागाला हो की नाही, ते उद्या सांगायचंय. तू घरचा. भीती वाटली की नाही, खरं सांग."

"सांगतो की!" म्हणत भाच्याने एक छानसं खोटं तयार ठेवलं होतं. हसू आधी सांगून मोकळं झालं.

घरी येईपर्यंत त्याची मान वर झाली नाही. याच मावशीने उरलेल्या कापडातून त्याच्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या होत्या, आणि याने तिचं चारचौघांत हसं केलं.

"मावशी, मी त्या भुताच्या विगला हसलो गं. कपाळावर घसरला होता."

"विग चांगला होता."

मावशीने चपला काढल्या. पायावरचा जुना डाग बघून त्याला आणखीच कानकोंडं झालं.

"ती पहिली किंचाळी एकच खरी होती रे," ती म्हणाली. "बाकी सगळी घशाची हमाली. लोक हसतात ते बरोबरच आहे."

"असं नको ना म्हणू! पुढच्या भागात पुन्हा तशीच किंचाळ. कोणाची हसायची छाती होणार नाही. मी येतो बरोबर, सांगशील ती मदत करतो."

मावशीने त्याला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग इस्त्री तापव, आणि पाय पुढे कर."