पदर शेवटाला

साडी दाखवताना अण्णा डावा हात मांडीखाली दाबून ठेवत. बेळगावात शहापूरच्या त्या दुकानात गादीवर बसून ते एकट्या उजव्या हाताने साडी उलगडत, झटकत, आणि पुन्हा घडीही त्याच हाताने घालत. मला वाटलं, बिचाऱ्यांचा हात अधू असावा. माझ्या आईच्या पोटात काही राहत नाही. तिने विचारलंच, "हाताला काय झालंय व्हय वो?"

"झालं न्हाय काय, आक्का. बोटांस्नी घट्टे पडल्यात. रेशमाचा धागा अडकतोय." त्यांनी डावा हात काढून दाखवला. बोटांची टोकं चांगली टणक आणि खरखरीत झाली होती. "गिटार वाजवतो की मी."

"भजनात व्हय?"

"भजनात बसत न्हाय त्ये. लई बोंबलतंय. आयतवारी खासबागात मंडळाचा कार्यक्रम हाय, पोरीला घिऊन या. साडी न्हाय घेतली तरी चालंल."

साडी घेतली, आणि रविवारी गेलोही. मी मूळची बेळगुंदी गावची, शहरात हायस्कूलवर गणित शिकवते. रॉक संगीत म्हणजे शेजारच्या पोराच्या खोलीतून येणारा दणदणाट, एवढीच माझी ओळख. आणि अण्णांचा बँड नेमका रॉकचा निघाला. स्टेजवर मधोमध बँडचा गायक प्रवीण, उंचापुरा, देखणा, उकाड्यातही कातडी जाकीट घातलेला. अण्णा मागे, ड्रमच्या शेजारी, आपल्या स्पीकरला टेकून. अंगात दुकानातलाच शर्ट, खिशाला पेन. एखादा वायरमन चुकून वर राहून गेलाय असं वाटावं.

दोन गाणी मी प्रवीणलाच बघत होते. तिसऱ्या गाण्यात तो जरा पाणी प्यायला वळला आणि अण्णांनी एक सूर लावला. एकच. तो त्यांनी इतका वेळ धरून ठेवला की माझ्या पुढच्या बाईने मांडीवरचं पोर थोपटायचं थांबवलं. मग दुसरा, मग तिसरा, काही घाई नाही. हाताकडे बघत नव्हते. गर्दीकडे बघत होते, एकेकाच्या तोंडाकडे, गिऱ्हाइकाला काय आवडलं ते बघावं तसे. आणि मग अचानक ते धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. मला गिटारचं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाणं संपलं तेव्हा मी उभी होते आणि आई माझा पदर ओढून मला खाली बसवत होती.

पुढच्या वेळी दुकानात गेले तेव्हा विचारलं, हे कसं करता? अण्णांनी समोरची साडी पुढे ओढली. "बाकीची दुकानदार मंडळी काय करत्यात? गिऱ्हाईक बसलं की फाडदिशी पदर उघडत्यात. जरी दिसली, बाई खूश. मग म्होरं काय दाखवणार, कपाळ? आपण तसं न्हाय करायचं. आधी काठ. मग अंगावरची बुट्टी. तिला हात लावू दे, बसू दे. पदर शेवटाला." मग डोळे बारीक करून म्हणाले, "आणि कवा कवा पदर उघडायचाच न्हाय. घरी जाऊन बघ म्हणायचं."

असं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर विनयाचा लवलेश नसे. अण्णांना साधेपणाने वागणारा मोठा कलावंत वगैरे म्हणाल तर ते साफ चुकेल. आपण भारी वाजवतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आज पाऊस पडेल म्हणावं इतक्या सहज ते सांगत. कुणी तारीफ केली की "व्हय" म्हणत आणि पुढच्या साडीला हात घालत.

आम्हा चाहत्यांचा एक जथा जमला होता. आम्ही कधीच स्टेजच्या मधोमध बसत नसू. अण्णांचा स्पीकर ज्या बाजूला, तिकडे आमची सतरंजी. जथ्याचे म्होरके रुद्राप्पा. हे वडगावचे रिक्षावाले, घरची भाषा कानडी. अण्णांनी काही जमवलं की ते दोन्ही हात वर करून "भाळ छलो!" असे ओरडत, म्हणजे लई भारी. शिवजयंतीचा कार्यक्रम असो की कन्नड राज्योत्सवाचा, बोर्ड कुठल्या भाषेत लागलाय याच्याशी रुद्राप्पांना देणंघेणं नव्हतं. मागे कोण वाजवतोय एवढं विचारून ते रिक्षा काढत.

निपाणीच्या जत्रेतला प्रकार आम्ही अजून एकमेकांना सांगतो. तिथे ऐन रंगात प्रवीणचा माईक बंद पडला. तो बिचारा ओठ हलवतोय, आवाज नाही, मंडळाची पोरं वायरी उपसताहेत. लोक शिट्ट्या मारायला लागले. अण्णा स्पीकर सोडून पहिल्यांदाच दोन पावलं पुढे आले आणि प्रवीणची ओळ गिटारवर वाजवली. नुसती ओळ, जशीच्या तशी. मग थांबले आणि हनुवटी उडवून लोकांना खूण केली. अख्ख्या मैदानाने ती ओळ शब्दांसह म्हटली. पुढची ओळ अण्णा, मग मैदान. माईक सुरू झाला तरी प्रवीणने तो तोंडाला लावला नाही. भला मुलगा, तोही आमच्यासारखा ऐकत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो प्रवीणचा. कडेला अण्णांचं एक कोपर दिसत होतं. रुद्राप्पांनी ते कोपर कात्रीने कापून रिक्षात आरशाखाली चिकटवलं. कुणी विचारलं तर सांगत, "आमचे अण्णा."

मला मात्र या कोपराचा राग यायचा. माझा धाकटा भाऊ सुहास पुण्यात असतो, कंपनीत मोठ्या पगारावर आहे, हौसेने गिटार वाजवतो आणि त्या विषयावर अधिकाराने बोलतो. त्याला मी किती वेळा म्हटलं, सुट्टी काढून ये, एकदा ऐक. तो म्हणे, क्लिप पाठव. मोबाईलवर घेतलेल्या त्या क्लिपमध्ये अण्णा म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. सुहासने उत्तर पाठवलं, "बरा वाजवतो. ऑर्केस्ट्रावाला आहे का?" मी दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. मग रागारागाने जाऊन अण्णांना सांगितलं, पुण्यात तुम्हाला कुणी ओळखत नाही.

"मी भारी हाय हे मला म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "बेळगावला म्हाईत हाय. निपाणीला म्हाईत हाय. पुण्याला न्हाय म्हाईत, तर पुण्याची अडचण पुण्यानं बघावी की! तुमी का जिवाला लावून घेताय, बाई?"

पण मी घेतलं होतं. त्यात प्रवीणला बेंगळूरला नोकरी लागली आणि बँड मोडणार हे ठरलं. म्हणजे अण्णांचं वाजवणं आता कुठे ऐकायचं? आणि उद्या कुणी विचारलं तर काय दाखवायचं, ते कोपर? सुहाससारख्या माणसाचं तोंड बंद होईल असं एक तरी चांगलं रेकॉर्डिंग हवं, या हट्टाला मी पेटले. अण्णा कुरकुरत, "तुमच्या समाधानासाठी" म्हणत तयार झाले.

टिळकवाडीत तळमजल्यावर एक छोटा स्टुडिओ आहे. अण्णा आत गेले, वाजवलं, बाहेर आले आणि चप्पल घालू लागले. स्टुडिओवाला खूश होता; एक सूर इकडेतिकडे नाही म्हणाला. ऐकलं तर खरंच एक सूर इकडेतिकडे नव्हता, आणि त्यात अण्णाही नव्हते.

"समोर भिंत हाय," अण्णा वैतागले. "भित्ताडाला साडी कशी दाखवायची?"

मग मीच तोडगा काढला. पुढच्या रविवारी आमचा जथा स्टुडिओत, अण्णा वाजवणार त्याच खोलीत, त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. स्टुडिओवाल्याने दहादा बजावलं, खोकलासुद्धा नको, सगळं माईकमध्ये जातं. आम्ही शपथा घेतल्या. रुद्राप्पांनी तर तोंडात पानाचा तोबराच भरला, म्हणजे तोंड उघडायची भानगड नको. मी वर्गात पोरांना गप्प बसवते तशी ओठांवर बोट ठेवून बसले.

अण्णांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे, आणि सुरुवात केली. मला लगेच कळलं, आज आहे. काठ दाखवला. बुट्टी दाखवली. पुढे न जाता पुन्हा काठाकडे आले. आम्ही श्वास धरून. मग त्यांनी एक सूर वर चढवला, तो तिथेच थांबेल असं वाटत असताना आणखी वर नेला आणि पदर उघडला. असा पदर मी त्यापूर्वी ऐकला नव्हता, नंतर ऐकायचा प्रश्नच नाही.

आणि आम्ही ओरडलो. सगळे. रुद्राप्पांचं "भाळ छलो!" छताला लागलं, पानाचं काय झालं ते स्टुडिओवाल्याच्या गालिच्याला विचारा. शपथ घेतलेली सगळी माणसं उभी राहून बोंबलत होती आणि त्यात सर्वांत वरचा आवाज माझा होता.

स्टुडिओवाल्याने कपाळावर हात मारला. "गेलं सगळं. ऐन जागी गेलं. हे मला काढता येणार न्हाय. अण्णा, परत एकदा घेऊया." मला तर रडूच यायला लागलं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेवढाच तुकडा आम्ही बुडवला होता.

अण्णांनी गिटार खाली ठेवली आणि घाम पुसला. कधी नव्हे ते खळखळून हसले. "परत बिरत काय न्हाय. झालं की झ्याक! ह्योच ऱ्हाऊ दे."

"अण्णा, पण तुमचं वाजवलेलं ऐकूच येत नाही त्यात," मी म्हणाले.

"मग काय ऐकू येतंय?"

"आमचा आरडाओरडा."

"मग त्येच की वो बाई," अण्णा म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले.

गेल्या वर्षी दुकानात, गादीवर बसल्या बसल्याच अण्णा गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. बातमी कळताच मी स्कूटी काढून शहापूरला गेले तर दाराशी रुद्राप्पांची रिक्षा आधीच उभी होती. अजून मी तो रस्ता टाळते.

यंदा सुहास सुट्टीवर बेळगुंदीला आला होता. दुपारी जेवून आडवा पडलेला, आणि अण्णांचं रेकॉर्डिंग त्याने स्वतःहून मागितलं. कदाचित माझी समजूत घालायची म्हणून असेल. चांगल्या स्पीकरला लावलं. सुरुवातीला तो जाणकारासारखी मान हलवत होता. थोड्या वेळाने मान हलायची थांबली. मग तो उठून बसला. मग तो वर चढणारा सूर आला, आणि त्यावर आमचा गोंगाट.

त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा नेलं. "आक्का, इथं काय वाजवलंय त्यांनी? कळतच न्हाय."

"नाही कळत. आमच्या ओरडण्यात गेलं."

"आणि ही किंचाळलीय ती कोण?"

"मी."

"तू?" तो माझ्याकडे बघतच राहिला. घरात माझा आवाज कधी चढलेला त्याने ऐकला नव्हता. मग म्हणाला, "एवढे कार्यक्रम बघितले गं मी. तिकीट काढून, मुंबईला, बेंगळूरला जाऊन. सगळे मोबाईलवर घेऊन ठेवल्यात. पण असं ओरडलो न्हाय कधी. असं ओरडावं असं कुणी वाजवलंच न्हाय माझ्यापुढं."

त्याने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आतून आई ओरडली, झोपू द्या रं जरा, आवाज कमी करा. सुहासने वाढवला.