कोरडी पळी

आमच्या घरी रविवारी सकाळी इडल्या व्हायच्या नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या व्हायच्या.

घाबरू नका, सगळं लायसन्सचं होतं. आणि घाबरायचं खातं आमच्याकडे एकट्या वहिनीचं होतं.

ती वहिनी आज पहाटे गेली. झोपेतच.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा मोठा भाऊ अण्णा क्लबात शूटिंग करायचा. विकतच्या गोळ्या मिळायच्या मोजून, आणि त्याला प्रॅक्टिस हवी पोटभर. म्हणून बेंगळुरात, चामराजपेटच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये तो टायरच्या दुकानातलं, चाकांना लावायच्या वजनांचं भंगार शिसं वितळवायचा. दारू भरायचं काम क्लबात. घरी फक्त गोळीचं शिशाचं टोक ओतायचं.

शेगडी, लोखंडी कढई, लांब दांड्याची पळी आणि साचा. बस्स.

वहिनी निपाणीची. वितळलेल्या शिशात ओली वस्तू गेली तर शिसं फुटून तोंडावर उडतं, हे अण्णानं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सांगितलं. नव्या बायकोशी काय बोलावं याची त्याला अक्कल नव्हती.

झालं. त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला.

शनिवारी रात्रीच ती आभाळ बघायची. रविवारी हात पदराला पुसत, पुन्हा पुसत, शेडच्या दारात येऊन उभी. आत गॅसवर दूध उतू जायचं, हिला पत्ता नाही.

"अहो, चष्मा घातलासा?"

"घालतो गं. स्वल्प बाजूला हो, उजेड अडतोय."

"आधी घाला. मग सरते."

चष्मा म्हणजे बाबांचा स्कूटरवरचा जुना गॉगल. अण्णाला तो अजिबात आवडायचा नाही. पण ती दारातून हलायची नाही, म्हणून कुरकुरत घालायचा.

मी तेव्हा कॉलेजात होते. मला हसू यायचं.

"वहिनी, तो गोळ्या ओततोय. झेलत नाहीये."

"हास तू. डोळे गेले तर तुझ्या अण्णाकडं काय राहील गं?"

ते मात्र खरं होतं. त्याच्याकडे होते ते दोन डोळे आणि एक स्थिर हात. स्टेट टीमच्या सिलेक्शनची मॅच दसऱ्यानंतर लगेच होती.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

बेंगळुरात त्या दिवशी रिक्षा-बसपासून मिक्सरपर्यंत सगळ्याची पूजा होते. आम्ही तर पडलो मराठे, हत्यारं पुजणारच. अण्णानं पाटावर रिव्हॉल्व्हर ठेवलं. वहिनीनं आपल्या मनानं शेडमधला साचा आणि पळी आणून शेजारी मांडली.

"पुजलेलं हत्यार धन्याला दुखवत नाही," मला म्हणाली. नवरात्रभर ती याच एका गोष्टीसाठी देवापुढे बसली होती, हे मला माहीत होतं.

तिनं हळदकुंकू वाहिलं. तीर्थ शिंपडलं. वर शेवंतीची ओली फुलं, ओंजळी भरभरून.

पुजलेल्या वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायच्या नसतात. त्या रात्रभर तशाच राहिल्या.

दसऱ्याला सकाळी अण्णानं फुलं बाजूला सारली, पळीचं कुंकू बाहेरून पुसलं आणि शेगडी पेटवली. वहिनी दारात.

"चष्मा."

त्यानं घातला आणि पळी कढईत बुडवली.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. शिसं पार पत्र्याला जाऊन चिकटलं. अण्णाचा उजवा हात आणि मान भाजली.

गॉगलच्या डाव्या काचेवर शिशाचा एक गोळा बसला होता. बरोबर डोळ्यासमोर.

वहिनी आत धावली. तिनं गॉगल काढला, अण्णाचे दोन्ही डोळे उघडून पाहिले, तोंडासमोर बोटं धरून मोजायला लावली. मग खाली पडलेल्या पळीकडे तिचं लक्ष गेलं. दांड्याला शेवंतीची एक ओली पाकळी अजून चिकटून होती.

"माझ्या पूजेनं केलं हे."

"छे गं. शिसंच घाण होतं. टायरवाल्याचा कचरा."

ती त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले, तर बाहेरही आली नाही.

अण्णाची मॅच हुकली. त्यानं तिला एका शब्दानंही बोल लावला नाही.

पुढच्या खंडेनवमीला तिनं पाटावर फक्त रिव्हॉल्व्हर ठेवलं. अण्णा उठला, शेडमध्ये गेला आणि साचा-पळी घेऊन आला.

"कर पूजा."

"नको."

"कर. फक्त कोरडी कर."

तेव्हापासून आमची खंडेनवमी कोरडी. कोरडं कुंकू, कोरड्या अक्षता. शेजारपाजारचे हसायचे. हसोत.

आणि दर रविवारी अण्णा शेगडी पेटवण्याआधी पळी आतून-बाहेरून पुसायचा आणि पालथी करून दारातल्या वहिनीला दाखवायचा. "सरी?" तो कानडीत विचारायचा, म्हणजे ठीक ना? तिनं मान हलवली की मग काम सुरू.

शेड जाऊन आता किती वर्षं झाली. शूटिंगही सुटलं.

आज सकाळी गुरुजींनी अण्णाच्या हातात पळी दिली, वहिनीच्या तोंडात गंगाजल घालायला.

अण्णानं ती पंच्याला पुसली. आतून, बाहेरून. मग पालथी करून तिच्यासमोर धरली.

"अहो, पाणी घ्यायचंय तिच्यात," गुरुजी म्हणाले.

अण्णा तशीच पळी धरून बसला. तिची मान हलायची वाट बघत.

शेवटी मीच मागून म्हटलं, "सरी, अण्णा."

वहिनी, त्याचे डोळे शाबूत आहेत. ते तू राखलेस, आणि आज ते वाहायचे थांबत नाहीयेत.

आता दारात उभी राहू नकोस. नीट जा.