पिंप्राळ्यातली दुसरी आजी

इतकी वर्षं झाली, कितीतरी प्रकरणांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण हे एक प्रकरण मी अजून काल घडल्यासारखं सांगू शकतो. गंमत अशी की त्यात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही. कोर्टात काही गेलं नाही, वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही. त्यात कुणाचं नाव घेण्याचं कारणही नाही.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी जळगाव शहरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एके दिवशी दुपारी ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, विद्यापीठातल्या एक मॅडम आल्यात. सोबत एक मुलगी आहे. तक्रार काय ते नीट सांगत नाहीत."

प्राध्यापिका पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. मुलगी धुळ्याकडची, शिकता शिकता त्यांच्या हाताखाली काम करणारी. बाईंनी आधी त्यांचं काम समजावून सांगितलं. लकवा होऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरची माणसं देखभाल कशी करतात, त्यांना नीट शिकवलं तर रुग्ण किती सुधारतो, असा त्यांचा अभ्यास चालू होता. शहरातली काही घरं निवडली होती. दर आठवड्याला एक विद्यार्थिनी घरी जायची, व्यायाम करून घ्यायची, कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं ते दाखवायची. मधूनमधून डॉक्टरही तपासून जात.

मी म्हटलं, "चांगलं काम आहे. पण यात पोलिसांचं काय काम?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी अडखळत म्हणाली, "साहेब, पिंप्राळ्यात आमची एक आजी आहे. ती बदललीय."

"बदललीय म्हणजे? सुधारली?"

"नाही साहेब. ती दुसरीच आहे."

मी पुढे सरकून बसलो. मुलगी सांगू लागली. परीक्षेमुळे ती मधले काही आठवडे गेली नव्हती. तिच्या जागी नवीन मुलगी जात होती, जिनं आधीची आजी पाहिलीच नव्हती. ही परत गेली तेव्हा खाटेवर तशीच बारीक अंगाची, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी होती. तोंड लकव्यानं वाकडं, खोलीत उजेड कमी. हिनं नेहमीप्रमाणे उजवा हात उचलायला घेतला, तर तो हात चांगला घट्ट! लोळागोळा होता तो डावा.

"मला वाटलं माझंच चुकतंय," मुलगी म्हणाली. "पण आधीची आजी मी निघाले की डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवायची. ते कसं विसरेन मी?"

"लकवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो का?" मी बाईंना विचारलं.

"नाही. दुसरा झटका आला तर दुसरी बाजूही जाऊ शकते. पण पहिली बाजू अशी ठणठणीत होत नाही." त्या थोडं थांबल्या. "साहेब, आम्हाला कुणाला अडकवायचं नाही. पण आधीच्या आजी कुठे आहेत, एवढं तरी कळायला हवं."

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि त्या बीटच्या हवालदाराला बोलावलं. हा माणूस पिंप्राळ्यात घरोघरी ओळखीचा. त्याला म्हटलं, गणवेश न घालता जा, चहा पी, गप्पा मार, घराच्या दाराशी जाऊ नकोस.

संध्याकाळी तो परतला. भाड्याचं दीड खोलीचं घर. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, सावदा-फैजपूरकडची केळी उत्तरेत नेणारा. महिन्यातले बरेच दिवस बाहेर. थोरला मुलगा भुसावळला, सणावाराला येणारा. घरात सून आणि तिची सासू. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं सांगितलं होतं, की म्हातारी मध्यंतरी इतकी सुधारली होती की काठी टेकत दारात येऊन बसायची. मग एकाएकी दिसेनाशी झाली. सुनेला विचारलं तर म्हणाली, पुन्हा बिघडलं, आत झोपून असतात.

"सासू-सुनेचं पटायचं का?" मी विचारलं.

"तेच तर साहेब. शेजारच्या बाया म्हणतात, हिच्यासारखी सून नाही."

पोलिसाचं डोकं अशा वेळी एकाच वाटेनं जातं. जिवंत माणूस नाहीसं झालं, त्याच्या जागी दुसरं झोपवलं, म्हणजे कुणाचा तरी फायदा आहे. पेन्शन, जमीन, घर. आम्ही सगळं तपासलं. म्हातारीला पेन्शन नव्हती, नावावर गुंठाभर जमीन नव्हती. तिला मारून कुणाला काही मिळणार नव्हतं. आणि बाईमाणूस आणून खाटेवर निजवायचं, तिचं हगणंमुतणं काढायचं, हे कोण कशासाठी करील? मला त्या प्रश्नानं पुरतं पछाडलं. गुन्ह्यापेक्षा त्यामागचं कारणच मला जास्त खुणावत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक महिला पोलीस घेऊन त्या घरी गेलो. सून तिशीच्या आतबाहेरची. दारात पोलीस पाहून तिचा चेहरा पांढरा पडला, पण तिनं सतरंजी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे केला. घर स्वच्छ होतं. खाटेवरच्या म्हातारीचे केस विंचरलेले, चादर धुतलेली, उशीशी मुठीत दाबायचा एक कापडाचा चेंडू. मी बरीच आजारी माणसं पाहिली आहेत. दुर्लक्षित माणसाच्या खोलीला एक वास असतो. तो तिथे नव्हता.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"सासूबाई."

"कोणती बाजू गेलीय त्यांची?"

"उजवी," ती पटकन म्हणाली, आणि त्याच क्षणी म्हातारीनं उजव्या हातानं पदर सावरला.

सून खाली बघत राहिली.

"ताई, आता खरं सांगा. तुमच्या सासूबाई कुठे आहेत?"

"खुशाल आहेत."

"कुठे?"

"ते नाही सांगणार साहेब. त्यांनीच शपथ घातलीय मला."

मी समजावलं, आवाज चढवला, पुन्हा खाली आणला. ती रडली नाही, हातापाया पडली नाही. ओठ मिटून उभी राहिली. सराईत गुन्हेगार खोटं बोलत राहतो. ही बाई बोलतच नव्हती. खाटेवरची म्हातारीही गप्प. प्राध्यापिकेनं सांगितलं होतं, की आधीच्या आजीची लकव्यात वाचा गेली होती, एखाददुसरा शब्द कष्टानं यायचा. ही मुकी म्हणूनच पडून होती, पण तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

शेवटी मी महिला पोलिसाला म्हटलं, "यांना घ्या. ठाण्यात जबाब घेऊ."

महिला पोलीस पुढे झाली, तशी खाट करकरली. ती मुकी म्हातारी उजव्या कोपरावर उठायला धडपडत होती.

"माह्या पोरीले कुठी नेता?" ती ओरडली. शब्द थोडे बोबडे, पण स्पष्ट. "तिनं काय केलं? मले न्या! मले न्या साहेब, माह्या पोरीले हात नका लावू!"

सावद्याकडची बोली. आणि सुनेला ती म्हणाली होती, माझी पोर.

तेव्हा मात्र सून मटकन खाली बसली आणि रडू लागली.

ती म्हातारी तिची आई होती. नवरा वारलेला, दोन मुलगे सुरतेला, सावद्यात एकटीच राहायची. तिलाही लकवा झाला. सरकारी दवाखान्यातून घरी आणली, मुलगे चार दिवस राहून परत गेले. शेजारीण भाकरी भरवायची, पण कूस कोण बदलणार? लेक भेटायला गेली तेव्हा आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या.

"मला सगळं येत होतं साहेब," ती म्हणाली. "सासूबाईंचं करून करून शिकले होते. कशी वळवायची, कशी बसवायची. पण आईला आणायची कुठे? लेकीच्या सासरी आई येऊन राहते का कधी? भुसावळच्या जेठांना कळलं तर दारात उभं करणार नाहीत. आणि त्या मॅडमच्या लोकांना विचारलं होतं मी. म्हणाले, शहरातलीच घरं घेतलीत, तीही आता भरली."

"मग?"

"मी घरी आले ती जेवले नाही. सासूबाईंनी ओळखलं. त्यांना बोलता यायचं नाही, पण मला जवळ बसवून खाटेवर हात आपटला. या खाटेवर. मला कळेना. पुन्हा आपटला आणि म्हणाल्या, लई ये."

लई ये. घेऊन ये. सासू धुळ्याकडची, तिची भाषा अहिराणी. घरात एकाच खाटेपुरती जागा, आणि विद्यार्थिनी यायच्या त्या एका रुग्णासाठी. काठी टेकून चालू लागलेल्या सासूनं सरळ आपली जागा रिकामी केली. ड्रायव्हर मुलानं गाडीच्या फेरीआधी आईला धुळ्याकडच्या गावी तिच्या विधवा बहिणीकडे पोचवलं आणि सावद्याहून बायकोच्या आईला आणून खाटेवर निजवलं. कुणाला काही सांगायचं नाही, असं सासूनं हाताचं बोट ओठांवर ठेवून बजावलं होतं.

गोष्ट खरी वाटत होती. पण वाटण्यावर तपास बंद होत नाही. म्हातारी डोळ्यांनी पाहायला हवी होती. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावच्या ठाण्याला वायरलेसनं कळवलं आणि ओळख पटवण्यासाठी त्या विद्यार्थिनीला घेऊन आम्ही जीपनं निघालो. वाटेत मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, अजून किती लांब. मलाही धाकधूक होतीच. सुनेनं सांगितलेलं सगळं खरं निघून नेमकं सासू खुशाल असल्याचंच खोटं निघालं असतं तर?

पोलीस पाटलानं आम्हाला एका मातीच्या घराशी नेलं. ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. डाव्या हातानं शेंग धरायची आणि उजव्या हाताच्या थरथरत्या बोटांनी दाबायची. बऱ्याच प्रयत्नांनी एक फुटायची. मुलीला पाहताच तिनं सूप बाजूला केलं आणि तोच उजवा हात पुढे केला. मुलगी तो हात दोन्ही हातांत धरून हुंदके देऊ लागली.

"अक्का," मी विचारलं, "तुम्हाला घरातून कुणी काढलं का?"

तिनं जोरात मान हलवली. शब्द जमवायला तिला वेळ लागत होता, मी थांबलो.

"मनी जागा," ती म्हणाली. "मी... दिधी." माझी जागा, मीच दिली.

माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण पोलीस घरी येऊन गेल्याची बातमी भुसावळला पोचली आणि थोरला मुलगा तरातरा ठाण्यात आला. त्याची तक्रार ऐकायलाच लागली: भावाच्या बायकोनं माझ्या आईला हाकलून दिलं आणि स्वतःच्या आईला घरात घुसवलं. लिहून घ्या, म्हणाला. कागदावर ती तक्रार अगदी खरी दिसली असती, हे मला कळत होतं. सून आत गेली असती आणि दोन्ही म्हाताऱ्या उघड्यावर पडल्या असत्या.

मी म्हटलं, "घेतो लिहून. पण आधी ज्यांच्याविषयी तक्रार आहे त्यांचा जबाब."

धुळ्याकडून म्हातारीला आणवलं. सूनही होती, प्राध्यापिका आणि ती विद्यार्थिनीही आल्या होत्या. माझ्या टेबलासमोर म्हातारी खुर्चीवर बसली, थोरला मुलगा उभा.

"माय, घाबरू नको," तो म्हणाला. "तुले हाकललं ना तिनं?"

"नही."

"मग का गई तू?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे बोट केलं.

"हाई... धुस," ती म्हणाली. आपल्या अंगावरून धुतल्यासारखा हात फिरवला. "पोरगा नही. हाई." तिला दम लागला. कारकून पेन उचलून वाट पाहत राहिला. "तिनी माय. तिले... कोन धुई?" हिच्या आईला कोण धुणार?

थोरला म्हणाला, "पन ती आपल्या घरमा कशी राही, माय? लोक काय म्हनतीन?"

"आठेच राही," म्हातारी म्हणाली. इथेच राहील. ते दोन शब्द मात्र न अडखळता आले.

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तक्रार लिहायची का, असं कारकुनानं खुणेनं विचारलं. मी नको म्हटलं. थोड्या वेळानं थोरला परत आला, आईची काठी तिच्या हातात दिली आणि भावजयीला एवढंच म्हणाला, "दुसरी खाट पाठवतो."

बाहेर पडताना सुनेनं प्राध्यापिकेला विचारलं, "आता तुमच्याकडून कुणी यायचं नाही ना?"

"अभ्यासातून तुमचं घर वगळावं लागेल," बाई म्हणाल्या. "त्याला इलाज नाही, नाहीतर सगळाच अभ्यास खोटा ठरेल." मग त्यांनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती आधीच म्हणाली, "मी येईन. रविवारी. अभ्यासासाठी नाही."

पुढे त्या बाईंची एकदा भेट झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, की प्रत्येक घरी त्या आता एक प्रश्न जास्तीचा विचारतात: रुग्णाची काळजी घेणाऱ्या बाईचं स्वतःचं आजारी माणूस कुठे आहे? त्याची उत्तरं ऐकून आपण चकित झालो, असं त्या म्हणाल्या.

मीही तो प्रश्न उचलला. नंतरच्या नोकरीत घरगुती भांडण असो, चोरी असो की कुणी बेपत्ता असो, घरातल्या सुनेचा जबाब घेताना मी शेवटी विचारायचो, "माहेरी कोण कोण आहे? बरे आहेत का सगळे?" तपासाला त्याचा उपयोग कधी झाला, कधी नाही. पण हे विचारलं, की बाया मान वर करून माझ्याकडे पाहायच्या. आधी पोलिसाला हे कशाला हवं म्हणून, आणि मग, कुणीतरी विचारलं म्हणून.