बेगड आणि मुकं एरियल

माझे धाकटे दीर जळगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे आणि हौसेनं रॉकेटं उडवायचे. हौशी रेडिओचं लायसन्स त्यांच्याकडे होतं. मी धुळ्याला घरी बसून रेडिओ दुरुस्त करायची, शिकले होते ते उघडून-जोडून. त्यांची दोन रॉकेटं कपाशीत पडून हरवली, तेव्हा प्राचार्यांनी सांगून टाकलं, तिसरं हरवलं तर हा उद्योग बंद. म्हणून तिसऱ्याच्या पोटात लहानसा ट्रान्समीटर ठेवायचं ठरलं. पडलं तरी टुकटुक करत राहील, त्या आवाजावरून शोधता येईल. त्याचं एरियल बसवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी ट्रान्झिस्टरची ओढायची काडी लावून बघितली, पण जड. मग पातळ तांब्याची तार घेतली, पुठ्ठ्याच्या नळीत आतून उभी चिकटवायची. हिशोबानं अर्धा मीटर लागते, मी चार बोटं जास्तच ठेवली. ब्लाउजचा गळा कापतो तसंच आहे हो हे, कमी कापलं तर आणखी कापता येतं, जास्त कापलं की संपलं. ट्रान्समीटरचा जोर मोजायला जुन्या टेपरेकॉर्डरचा आवाज दाखवणारा काटा काढून त्याला डायोड आणि तारेचा तुकडा जोडला, तो दोन हात लांब ठेवला, आणि तार नळीत ठेवूनच चिमटीभर कापत गेले. काटा चढत चढत एका जागी थांबला, आणखी कापलं की खाली यायला लागला. तिथंच थांबले. दीर म्हणाले, "वहिनी, एरियलचं ट्रान्समीटरशी मॅचिंग झालं."

ऑक्टोबरात सोनगीरजवळ एका आबांच्या पडीक रानात गेलो. ट्रान्समीटर चालू केला आणि काटा हललाच नाही. बॅटरी बदलली, तरी नाही. दिरांचा चेहरा उतरला. मी मनाशी म्हटलं, काल टेबलावर चालत होतं, मग काल आणि आज यात बदललं काय? रॉकेटकडे नीट बघितलं तर ते चकाकत होतं. माझी जाऊ, म्हणजे याच दिरांची बायको, शिंदखेड्याकडची; तीही आमच्याबरोबर रानात आली होती. रॉकेट पहिल्यांदा आभाळात जाणार म्हणून तिनं रात्रीतून पोळ्याला उरलेला बेगड, तो पत्र्यासारखा चकचकीत कागद, खळीनं सगळ्या नळीला चिकटवला होता, बैलांच्या शिंगांना लावतो तसा.

म्हटलं, "अगं, तू तर ट्रान्समीटर पत्र्याच्या डब्यात कोंडलास. त्याच्या लाटा बाहेर निघतील कुठून?"

जाऊ कावरीबावरी झाली. "अक्का, बठ्ठा काढना पडी का? इतला चांगला दिखस." "सगळाच," मी म्हटलं.

बांधावर बसलेले आबा म्हणाले, "मना बैलले बेगड लावा, तरी तो हंबरस."

"आबा, तुमचा बैल तोंडानं हंबरतो," मी म्हटलं, "हे अंगानं हंबरतं."

जावेनं स्वतःच पदर ओला करून बेगड पुसायला घेतला. आम्ही दोघी नखांनी खरवडत बसलो. अर्धी नळी मोकळी झाली तसा काटा हलला, सगळी झाली तसा कालच्या जागी येऊन थांबला. 

रॉकेट छान गेलं, कापडी छत्रीही उघडली, आणि वाऱ्यानं ते थेट कपाशीत. कपाशी छातीभर. टुकटुक ऐकायचा रिसीव्हर पोटाशी धरून मी गोल फिरले. पाठ त्या बाजूला झाली की अंग आड येऊन आवाज बारीक होतो, तोंड झालं की मोठा. तसं फिरत फिरत सरी ओलांडत गेले. टुकटुक इतकी मोठी झाली की आवाज कमी करावा लागला. बोंडांच्या खाली, छत्री अंगावर ओढून, ते निजलं होतं.

दीर मागून धावत आले. त्यांनी रॉकेट उचललंच नाही, सरीतच मटकन बसले आणि म्हणाले, "वहिनी, पाणी आहे का?" मी तांब्या दिला. तो रिकामा झाल्यावर म्हणाले, "प्राचार्यांना आता मी चौथ्याचंच विचारतो."